विप्रोचा शेअर: अमळनेरची श्रीमंती आणि 20 वर्षांची वाट

परवा अकोल्यात लग्नाच्या पंगतीत एक काका म्हणाले, "भाऊ, मोठ्या कंपनीचा शेअर घ्यायचा अन् विसरून जायचं!" उदाहरण अर्थातच विप्रोचं.

आपली अमरावती-सुरत एक्स्प्रेस ज्या अमळनेरवरून जाते, तिथे 1945 साली ही कंपनी सुरू झाली. धंदा वनस्पती तुपाचा. गावातल्या अनेकांनी तेव्हा शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले.

1980 मध्ये 100 शेअर असतील, तर बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक छोटे शेअर) धरून 2010 पर्यंत ते 96 लाख झाले!

पण नुसत्या संख्येवर जाऊ नका. 1:1 बोनस मिळाला की शेअर दुप्पट होतात, भाव मात्र साधारण निम्मा होतो. संपत्ती वाढली ती तुपाकडून संगणकाकडे वळलेल्या कंपनीच्या नफ्यामुळे.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी 2000 मध्ये आयटीची लाट शिगेला होती. त्यानंतर दीड-दोन वर्षांत विप्रोचा भाव 80 टक्क्यांहून जास्त कोसळला. शिखरावर घेणाऱ्याला, बोनस धरूनही, तो भाव पुन्हा दिसायला सुमारे 20 वर्षं लागली. 2021 च्या उच्चांकानंतरही वर्षभरात भाव जवळपास निम्म्यावर आला.

कंपनी तीच. फरक पडला तो कोणत्या भावाला घेतलं याचा.

म्हणून सगळा पैसा एकाच शेअरमध्ये टाकू नका आणि वर्षातून एकदा तरी कंपनीचे निकाल बघा. हा खरेदी-विक्रीचा सल्ला नाही.

घरात जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडलीत? काही शंका? कमेंटमध्ये विचारा.