रशियन चोरांची बिरादरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘वोरी व झाकोने’, म्हणजे आपलाच स्वतंत्र कायदा पाळणारे चोर, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन बिरादरीच्या उगमाविषयी चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी इतक्या दंतकथा रूढ केल्या आहेत की, ज्यांनी तिचा जाच प्रत्यक्ष सोसला त्यांचा आक्रोश त्या गलबल्यात ऐकूच येईनासा झाला आहे.

गैरसमज : ही गुन्हेगारी १९९१ साली सोव्हिएत संघाच्या विघटनातून जन्मली.

वस्तुस्थिती : विघटनाने तिला अमाप पैसा आणि मोकळे रान मिळाले, हे खरे, परंतु झारच्या अमदानीतच मॉस्कोच्या खित्रोव्का बाजारात चोरांचे अड्डे नांदत होते, सायबेरियाच्या वाटेवरील कैद्यांचे तांडे ‘आर्तेल’ म्हणजे सहकारी मंडळे स्थापून सामाईक निधी जमवीत होते, आणि या जुन्या शिरस्त्यांना १९३० च्या दशकातील सोव्हिएत श्रमछावण्यांत, लाखो माणसे एकत्र कोंडली गेली असता, बिरादरीचे निश्चित स्वरूप आले.

गैरसमज : ती सिसिलीच्या माफियाची नक्कल आहे.

वस्तुस्थिती : सिसिलीत नात्यागोत्याला मोठे मोल असे, या बिरादरीत मात्र चोराने आईबाप आणि बायकापोरे यांच्यावर पाणी सोडावे, श्रम करू नयेत, सरकारची चाकरी पत्करू नये, असा दंडक होता आणि बिरादरीतील प्रवेशास जुन्या चोरांची शिफारस व त्यांच्या सभेची संमती लागे.

गैरसमज : हे चोर जुलमी राजवटीविरुद्ध उभे ठाकलेले, गोरगरिबांचे कैवारी होते.

वस्तुस्थिती : सर्वांत घातक गैरसमज हाच. छावणीच्या अंमलदारांच्या लेखी चोर हा ‘सामाजिकदृष्ट्या जवळचा’, तर फौजदारी संहितेच्या ५८व्या कलमाखाली शिक्षा भोगणारा शिक्षक वा शेतकरी हा ‘जनतेचा शत्रू’ होता. त्यामुळे चोरांनी दुबळ्यांना लुटावे आणि अंमलदारांनी काणाडोळा करावा, हा नित्यक्रम झाला. कागदाचे तुकडे, कापडातून गाळलेल्या पावाच्या खळीने एकावर एक चिकटवून, हे चोर पत्ते तयार करीत. त्या डावावर शेजारच्या राजकीय कैद्याच्या अंगावरचे कपडेही पणास लावीत आणि हरल्यास ते त्याच्या अंगावरून ओरबाडून काढीत. कोलिमा या छावण्यांच्या प्रदेशातील थंडीत वर्षानुवर्षे कैद भोगलेले लेखक वार्लाम शालामोव यांनी चोरांना नायकपद बहाल करणाऱ्या साहित्याचा कठोर शब्दांत धिक्कार केला, तो अशा अनुभवांच्या बळावरच.

गैरसमज : चोरांचा कायदा अभंग राहिला.

वस्तुस्थिती : दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झालेले चोर पुन्हा तुरुंगात आले, तेव्हा सरकारची चाकरी केल्याबद्दल जुन्या चोरांनी त्यांना फितूर ठरविले, अधिकाऱ्यांनी या फितुरांनाच हाताशी धरले, आणि उभय पक्षांत वर्षानुवर्षे रक्तपात चालला. पुढे मार्च १९५३ च्या सरकारी माफीने सुमारे १२ लाख कैदी सुटले आणि छावणीतील रीतिरिवाज शहरोशहरी पोहोचले.

सारांश, ही बिरादरी अन्यायाविरुद्ध उभी राहिली नाही, तर अन्यायाच्याच आश्रयाने पोसली गेली. म्हणून तिच्या शौर्यकथा वाचताना वाचकांनी प्रथम त्या लुटल्या गेलेल्या कैद्यांचे स्मरण करावे.