पाणी ओसरलं, ताप चढला!

२६ जुलै २००५. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते आणि तिसऱ्या पगारातून घेतलेले कोरे करकरीत फॉर्मल शूज पायात होते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की बीकेसीतून दादरला पोचायचंय, मोबाइल लागत नाहीये आणि पाणी कमरेला आलंय. सोबत होता ऑफिसचा पँट्रीवाला दादा. त्याने स्वतःच्या चपला पिशवीत टाकल्या, मला म्हणाला, "साहेब, बूट काढू नका, खाली काय असेल सांगता येत नाही," आणि उघडं गटार लागतंय का ते पायाने चाचपत अनवाणी पुढे चालू लागला.

रात्री एक वाजता घरी. नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलवटलेल्या. बँडेड लावलं, आईने आल्याचा चहा दिला, आणि पुढचा आठवडाभर ऑफिसात एकच टॉपिक... 'तू कुठे अडकला होतास?'

दहाव्या दिवशी ताप आला. व्हायरल असेल यार, सगळ्यांनाच आहे! पॅरासिटामॉल टाकली आणि प्रेझेंटेशनला बसलो. पण पोटऱ्या अशा ठणकत होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. डोळे लाल. आईच्या मते कॉम्प्युटरमुळे. शेवटी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यातून चालला होतास? पायाला जखम होती?" पोटरी दाबली तसा मी ओरडलोच. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी अँटिबायोटिक सुरू केलं.

लेप्टोस्पायरोसिस. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची साथच आली होती. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हा जिवाणू पाण्यात, चिखलात येतो आणि खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात घुसतो. माझ्या टाचा म्हणजे त्याला उघडं दारच! लक्षणं बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, म्हणजे आपण पाऊस विसरल्यावर. सुरुवातीला साधी अँटिबायोटिक्स पुरतात. उशीर झाला, तर कावीळ होते, किडनी बंद पडते, फुप्फुसात रक्तस्रावही होऊ शकतो.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सोबत आणखी कोण होतं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. ऑफिसला फोन केला. दादा चार दिवस आलाच नव्हता, आणि मशीनची कॉफी पिताना कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझ्यासकट. गल्लीतल्या कुणीतरी सुई टोचून गोळ्या दिल्या होत्या, डोळे पिवळे झाल्यावर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. आम्ही त्याला कस्तुरबा रुग्णालयात दाखल केलं तेव्हा लघवी जवळपास थांबली होती. डायलिसिस करावं लागलं.

आता गोष्टी बऱ्याच बदलल्यात. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. जोखीम बघून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही, त्यांना दुसरं औषध असतं, म्हणून मेडिकलमधून आपणच आणून गिळायचं नाही. २०१८च्या पुरानंतर केरळने या गोळ्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या होत्या. बाकी गमबूट, घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुणं, पाणी उकळून पिणं (पुरात पाइपलाइनमध्ये गटाराचं पाणी मिसळलं की कॉलरा आणि कावीळ आलीच), आणि आठवड्यातून एकदा कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करणं. डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणीच आवडतं.

आणि ऑफिसातल्या सगळ्यांना विचारा. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, पँट्री. मेडिक्लेमच्या यादीत त्यांची नावं बहुधा नसतात.

दादा ऑक्टोबरात परत आला. शर्ट अंगावर लोंबत होता. टेबलावर चहा ठेवला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "बसले का बूट आता?"