मालेगावची १६२ मतं

२० नोव्हेंबर २०२४ ला सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत महाराष्ट्रात ६ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं. तासाला सरासरी ५८ लाख, मिनिटाला ९७ हजार. हे एवढं वाक्य वाचायला तुम्हाला दोन सेकंद लागले असतील, तर तेवढ्यात त्या दिवशी तीन हजारांवर बटणं दाबली गेली होती. राज्याची टक्केवारी ६६.०५, म्हणजे १९९५ नंतरची सर्वांत मोठी. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला, पण या सरासरीत महाराष्ट्र काही सापडत नाही. कोल्हापूरच्या करवीरमध्ये मतदान ८५ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि मुंबईतल्या कुलाब्यात ४४ वरच थांबलं. दिवस एक, सुट्टी एक, यंत्रं एकाच बनावटीची.

कुलाब्याचे लोक आळशी आणि करवीरचे जागरूक, हा निष्कर्ष फार सोपा आहे. करवीरमध्ये सेवा सोसायटी, दूध संस्था, साखर कारखाना, ग्रामपंचायत अशी कुठली ना कुठली निवडणूक सतत चालूच असते. कोण कुठल्या गटाचा हे अख्ख्या गावाला पाठ. दुपारी तीनपर्यंत तुमच्या बोटाला शाई नसेल तर कुणीतरी गाडी घेऊन दारात येतंच. कुलाब्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेच ठाऊक नसतं. शिवाय शहरातल्या मतदारयादीत घर बदलून गेलेले, वारलेले, गावाकडच्या यादीतही नाव असलेले असे कितीतरी जण असतात. टक्केवारीचा छेद असा फुगला की मतदान मुळात आहे त्याहून कमी दिसतं. गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच बंद होतं, काही पथकांना हेलिकॉप्टरने पोचवावं लागतं. तरीही २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर ७१.८८ टक्क्यांनी राज्यात पहिला आला आणि दक्षिण मुंबई पन्नाशीला कशीबशी टेकली.

किती जण उतरले हा झाला एक भाग. कुठल्या बाजूला उतरले हे पाहायचं तर धुळे लोकसभा मतदारसंघाइतकं चक्रावणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. या मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग येतात. २०२४ मध्ये त्यातल्या पाच भागांत मिळून भाजपचे सुभाष भामरे सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते. एवढ्या आघाडीवर एरवी गुलाल उधळायला सुरुवात होते. राहिला होता मालेगाव मध्य. यंत्रमागांचं, दाट वस्तीचं, बहुसंख्य मुस्लिम गाव; इथल्या विणकरांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आलेले. या एका भागात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांवर मतं पडली, भामरे यांना साडेचार हजार. प्रमाण ४४ ला १. पाच भागांची आघाडी एकाच भागाने गिळली आणि बच्छाव ३,८३१ मतांनी खासदार झाल्या.

निकालानंतर जो तो एकच सांगू लागला: मुस्लिम समाज एकगठ्ठा मतदान करतो. ‘व्होट जिहाद’ हा शब्द त्याच निकालाचा दाखला देत विधानसभेच्या प्रचारभर फिरला.

धुळ्याचं मतदान होतं २० मे ला. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, तेच मतदार विधानसभेसाठी रांगेत उभे राहिले. काँग्रेसला मे महिन्यात मालेगाव मध्यमध्ये जवळपास दोन लाख मतं होती, आता दहा हजारसुद्धा मिळाली नाहीत. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि नव्याच पक्षाकडून उभे राहिलेले माजी आमदार आसिफ शेख, दोघांनाही १ लाख ९ हजारांवर मतं पडली. फरक फक्त १६२. राज्यातला सर्वांत निसटता निकाल त्या ‘एकगठ्ठा’ गावातच लागला!

सहा महिन्यांत वस्ती बदलली नव्हती. धर्म, भाषा, धंदा, गल्ल्या, सगळं जिथल्या तिथे होतं. बदलला होता तो समोर ठेवलेला प्रश्न. मे महिन्यात एमआयएमचा उमेदवार नव्हता, वंचितच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झालेला, आणि सवाल दिल्लीत कुणाचं सरकार यावं हा. नोव्हेंबरमध्ये विचारलं गेलं ते गावचा आमदार कोण. तेव्हा मालेगाव करवीरसारखंच वागलं: दोन गट, जुनी भांडणं, मधोमध फाटलेलं गाव. करवीरचा निकालही दोन हजारांच्या आतच लागला, हे इथे सांगायलाच हवं. आणि एकगठ्ठ्याचाच हिशेब काढायचा तर उरलेल्या पाच भागांचाही काढू. तिथे पाचही जागा महायुतीने जिंकल्या, त्यातली बागलाणची सव्वा लाखाहून जास्त मताधिक्याने. त्यासाठी मात्र कुणी नवा शब्द काढला नाही.

मतदानाला न आलेल्यांचा हिशेब याहून भारी आहे. २०२४ च्या लोकसभेलाच वायव्य मुंबईत रवींद्र वायकर अमोल कीर्तिकर यांच्यापुढे ४८ मतांनी गेले. ‘नोटा’ला तिथे पंधरा हजारांवर मतं होती. मतदार सव्वासतरा लाखांच्या वर, त्यातले पावणेआठ लाख केंद्रावर फिरकलेच नाहीत. फरकाच्या एकेका मतामागे सोळा हजार माणसं घरी. अशा ठिकाणी मराठी किती, गुजराती किती, उत्तर भारतीय किती हे कोष्टक मांडून निकाल वर्तवणारे मला नेहमी धाडसी वाटतात.

त्यांच्या कोष्टकातले आकडे तरी कुठले? अखेरची जनगणना २०११ ची. सगळ्या जातींची मोजणी झालेली अखेरची जनगणना १९३१ ची. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘आपल्या मतदारसंघात आपला समाज इतके टक्के, म्हणजे जागा आपलीच’ असं सांगितलं, तर त्याच्याकडे ‘फॉर्म २०’ मागा. केंद्रनिहाय मतांचा हा तक्ता निवडणुकीनंतर जाहीर होतो. त्यात आपल्या शाळेतलं मतदान केंद्र शोधा, लोकसभेचा आकडा विधानसभेच्या शेजारी ठेवा आणि मग त्या टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.