फोडणीच्या आधीचा वाटा

घरात कुत्रा आला की भाजी चिरायचा क्रम बदलतो. आमच्याकडे पूर्वी कांदा आधी चिरला जायचा. आता विळीवर आधी गाजर, काकडी, फरसबी येते, बंड्याचा वाटा वाटीत बाजूला निघतो आणि मग कांद्याला हात लागतो. स्वयंपाकाच्या मावशींना हे थेर वाटायचे. "कुत्र्याला कसलं आलंय सोवळं?" असं विचारून झालं. आता त्या स्वतःच कांदा शेवटी घेतात.

हे सोवळं मात्र खरं आहे. कांदा, लसूण, कांद्याची पात यांच्यातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा होते, असं पशुवैद्यक मानतात. बंड्या १६ किलोचा, म्हणजे त्याच्यासाठी हा आकडा ८० ग्रॅम, एक मध्यम कांदा. रोज थोडाथोडा गेला तरी अपाय होतोच. कांदा परतून, उकडून किंवा वाळवूनही त्याचं विष उतरत नाही. लक्षणंही लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते आणि कुत्रा मरगळून पडतो. आपल्या भाजी-आमटीत कांदा-लसूण नसेल तर तिखट-मीठ असतंच. म्हणून मराठी स्वयंपाकघरात कुत्र्याचा वाटा काढायचा तो फोडणीच्या आधी, भाजी कच्ची असतानाच.

वाटा काढताना मी भाजीपेक्षा तिच्या कापाकडे जास्त लक्ष देते. गाजराच्या गोल चकत्या दिसायला छान, पण हावरट कुत्रा त्या न चावता गिळतो आणि गोल, टणक तुकडा घशात बरोबर बसतो. त्यापेक्षा गाजर आधी उभं चिरावं, त्याच्या पातळ फोडी कराव्यात आणि लहान कुत्रा असेल तर त्या आणखी बारीक चिराव्यात. त्याआधी भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, देठ-शेंडे काढायचे. काकडीचा तुकडा आधी आपण चाखायचा; कडू निघाली तर ती माणसानंही खाऊ नये.

बंड्याला गाजर खाताना जवळून पाहण्यासारखं असतं. तुकडा पुढच्या दातांत धरतो, मान तिरकी करतो आणि जबड्याच्या कडेला सरकवतो. तिथल्या मोठ्या दाढा कात्रीसारख्या चालतात. 'कट', पुन्हा 'कट', आणि घास आत. आपल्यासारखं रवंथ केल्यागत चघळणं नाही, कारण कुत्र्याचा जबडा वरखाली चालतो, आडवा फारसा फिरत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी फिरायला नेल्यावर विष्ठेत केशरी तुकडे जसेच्या तसे दिसतात. घाबरायचं कारण नाही. कच्च्या भाजीच्या पेशींची भिंत त्याला पचत नाही. गाजर अंगी लागावं असं वाटत असेल तर ते किसून किंवा वाफवून द्यावं. नुसता कुरकुरीत खाऊ हवा असेल तर कच्चं उत्तम.

फरसबीच्या शिरा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे चालतात. लाल ढोबळी मिरची बिया काढून, बीट अगदी थोडं. कोबी-फ्लॉवर जास्त झाला की रात्रभर वायू सरतो आणि त्याचा पुरावा खोलीभर पसरतो. कच्चा बटाटा, हिरवे टोमॅटो आणि टोमॅटोची पानं-देठ वर्ज्य. मक्याचं बुरकुंड तर हाती लागूच देऊ नये. त्याचा तुकडा आतड्यात अडकला की शस्त्रक्रियेची वेळ येते. भाजी नसली तरी इथेच सांगायला हवं, की द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. वरखाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा. बंड्याच्या वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात, म्हणजे वरखाऊच्या वाट्याला ९०. तीन-चार ग्लुकोज बिस्किटांत त्या संपतात. काकडीत त्या भरायला अर्ध्या किलोहून जास्त काकडी लागेल. अर्थात तेवढी द्यायची नसते, पोट बिघडेल. पण सतत खायला मागणाऱ्या कुत्र्यासाठी हा फरक मोठा आहे. लॅब्रॅडॉर त्यांतला पहिला. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण दर चार लॅब्रॅडॉरमागे एकात भुकेशी संबंधित जनुकात बिघाड आढळला. अशा कुत्र्याला फरसबीचे दहा तुकडे दिले तरी मालकाच्या जिवाला घोर नाही.

नवी भाजी एका वेळी एकच, तीही दोन-तीन तुकडे, आणि दोन दिवस पोट पाहायचं. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला बीट, पालक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरी अडचण येते ती पाहुण्यांची. कांदाभज्यांची ताटली पुढ्यात, बंड्या गुडघ्याशी, आणि काकांचा हात खाली जाऊ लागतो. "एका भज्यानं काय होतंय गं त्याला?" यावर रक्तपेशींचं व्याख्यान द्यायला गेलं की काका दुखावतात. त्यांना फक्त त्याला हातानं काहीतरी भरवायचं असतं. म्हणून भज्यांच्या ताटलीबरोबर गाजराच्या फोडींची वाटीही बाहेर न्यायची आणि ती काकांच्याच हातात द्यायची.