शालेय संगणकाचा पहिला पहारा : सिक्युअर बूट

प्राथमिक शाळेतील संगणक हे आता केवळ मुलांना चित्रे व गीते दाखविण्याचे साधन राहिलेले नाही. यू-डायस प्लसमधील शाळेची माहिती, विद्यार्थ्यांच्या नोंदी, शालार्थ प्रणालीसाठी लागणारे शिक्षकांचे तपशील, अशी अनेक कामे त्याच्याच द्वारे पार पडतात. मुलामुलींची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक ही पालकांनी विश्वासाने शाळेच्या स्वाधीन केलेली ठेव होय. सामान्य नोंदवही कपाटात ठेवून जसे कुलूप लावले जाते, तसाच बंदोबस्त या ठेवीचाही असावयास हवा.

ज्या संगणकांवर अद्याप विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष निकडीचा झाला आहे. या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून असे संगणक विंडोज ११ वर नेण्याचे काम अनेक ठिकाणी हाती घेतले जाते, आणि तेथेच ‘सिक्युअर बूट’ हा शब्द शिक्षकांपुढे उभा राहतो. त्याचा अर्थ न समजता दिसेल ती कळ दाबल्यास संगणक सुरूच न होण्याचा प्रसंग ओढवतो. अर्थ समजून व क्रम पाळून काम केल्यास मात्र ते मुळीच अवघड नाही. तो अर्थ व तो क्रम प्रस्तुत लेखात दिला आहे.

संगणक जागा होताना काय घडते?

संगणकाची कळ दाबताच विंडोज लगेच सुरू होत नाही. प्रथम मुख्य फलकावरील एका चकतीत कायम साठविलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. यासच फर्मवेअर म्हणतात. तो स्मृती, कळफलक, पडदा इत्यादी भाग तपासतो, हार्ड डिस्कवरील ‘बूट लोडर’ शोधतो व त्याच्या हाती कारभार सोपवितो. बूट लोडर पुढे विंडोजला उभे करतो. १९८१ सालच्या आय.बी.एम. संगणकापासून चालत आलेल्या जुन्या फर्मवेअरला बायॉस असे नाव होते. नंतर त्याची जागा यू.ई.एफ.आय. या नव्या पद्धतीने घेतली. बोलीभाषेत मात्र दोहोंनाही ‘बायॉस’च म्हटले जाते.

जुन्या बायॉसमध्ये एक मोठी उणीव होती. ठरलेल्या जागी जो प्रोग्राम सापडेल तो कोणाचा, कोठून आला, याची काहीही विचारपूस न करता बायॉस त्याच्या हाती कारभार देत असे. १९८६ साली लाहोर येथील दोघा भावांनी केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या याच पहिल्या भागात जाऊन बसे. विषाणू आधी जागा होई आणि प्रणाली मागाहून. मागाहून जागा होणाऱ्या पहारेकऱ्याला आधीच घरात शिरलेला चोर कसा दिसणार?

देवगिरीचा दाखला

आपल्या जिल्ह्यातील देवगिरीचा किल्ला बहुतेक शिक्षकांनी मुलांसह पाहिलेला असतो. एकामागून एक येणारे दरवाजे, खडकात कोरलेला खोल खंदक, त्यानंतरची अंधारी वाट, अशी तेथील रचना आहे. एक टप्पा ओलांडल्यावाचून पुढचा टप्पा लाभत नाही. संगणकाची सुरुवातही अशीच टप्प्याटप्प्याने होते. सिक्युअर बूट म्हणजे त्यातील प्रत्येक टप्प्याने पुढील टप्प्याची ओळख पटवून मगच त्यास वाट देणे होय.

त्याच किल्ल्याची दुसरी कथाही येथे आठवावी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, तेव्हा रामदेवराव यादवांनी किल्ल्याचा आश्रय घेतला. घाईघाईने धान्य म्हणून जी पोती आत नेली गेली ती वेढा पडल्यावर उघडून पाहता मिठाची निघाली, असे फेरिश्त्याने लिहून ठेवले आहे. तट भक्कम होते, दरवाजे शाबूत होते. परंतु पोत्याचे तोंड सोडून आत काय आहे हे वेळीच कोणी पाहिले नाही. परवलीचा शब्द कितीही कठीण असला, तरी आरंभीच आत येणारा प्रोग्राम न तपासल्यास संगणकाची गत याहून वेगळी होत नाही.

ओळख कशी पटविली जाते?

शाळा व्यवस्थापन समितीचे बँकेत खाते असते. धनादेश आला म्हणजे बँकेचा कर्मचारी त्यावरील सह्या आपल्याकडील नमुना सह्यांशी ताडून पाहतो. सिक्युअर बूटची पद्धत पुष्कळशी अशीच आहे. फर्मवेअरमध्ये मान्य सह्यांची एक यादी साठविलेली असते. बूट लोडरवर त्याच्या निर्मात्याची सांकेतिक सही असते. ती यादीशी जुळली तरच त्यास पुढे जाऊ दिले जाते. या सहीचे वैशिष्ट्य असे की, प्रोग्राममधील एक अक्षर जरी कोणी मागाहून बदलले तरी सही निरर्थक ठरते. साध्या धनादेशावर खाडाखोड लपविता येते. येथे ती लपत नाही.

या यादीच्या जोडीला रद्द सह्यांची दुसरी यादीही असते. एकदा मान्य झालेला प्रोग्राम पुढे सदोष ठरल्यास त्याचे नाव या दुसऱ्या यादीत घातले जाते. या यादीचे महत्त्व २०२३ साली विशेष ध्यानी आले. ‘ब्लॅकलोटस’ नावाचा घातक प्रोग्राम जुन्या, सदोष, परंतु वैध सही असलेल्या बूट लोडरच्या आडून हा पहाराही चुकवू शकतो, असे त्या वर्षी दिसून आले. तात्पर्य, पहारेकरी नेमला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याच्या हातातील यादी ताजी राहिली पाहिजे. ही यादी प्रणालीच्या सुधारणांबरोबर येते. मान्य सह्यांचीही मुदत असते. २०११ साली दिलेल्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याने संपते व त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे यावी लागतात. जुनी प्रमाणपत्रे राहिली तर संगणक बंद पडत नाही, परंतु आरंभीच्या टप्प्यासाठीच्या पुढील सुधारणा त्यास मिळत नाहीत. आधार संपलेली प्रणाली व सिक्युअर बूट या दोन बाबींचा एकत्र विचार का करावयाचा, याचे उत्तर येथे आहे.

विंडोज ११ ची अट नेमकी कोणती?

विंडोज ११ साठी ६४ बिटी प्रोसेसर, किमान ४ जी.बी. स्मृती, ६४ जी.बी. साठवण, टी.पी.एम. २.० ही सुरक्षा चकती आणि सिक्युअर बूट करू शकणारे यू.ई.एफ.आय. फर्मवेअर लागते. प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्यात येतात. येथे एक बारकावा आहे. अट सिक्युअर बूट करण्याची क्षमता असण्याची आहे, ते प्रत्यक्ष चालू असण्याची नव्हे. तथापि दाराला कडी आहे एवढ्यावर समाधान मानून ती न लावणे शहाणपणाचे नाही.

कामाचा क्रम

पुढील क्रम बदलू नये. बहुतेक अडचणी क्रम चुकल्यानेच उद्भवतात.

१. पाहणी. विंडोजच्या शोधचौकटीत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ असे इंग्रजीत लिहून ते पान उघडावे. तेथे ‘बायॉस मोड’ व ‘सिक्युअर बूट स्टेट’ या दोन ओळी पाहून वहीत लिहून घ्याव्यात. पहिली ओळ यू.ई.एफ.आय. व दुसरी ‘ऑन’ असल्यास काहीही करावयाचे नाही. पहिली ओळ ‘लेगसी’ असेल तर दुसरीत ‘अनसपोर्टेड’ असे दिसते. त्यावरून संगणक निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नये. जुन्या पद्धतीने सुरू झालेला संगणक पुष्कळदा नवी पद्धतही जाणत असतो. याच पानावर ‘सिस्टीम टाइप’ पाहावा. ३२ बिटी विंडोज १० वरून थेट विंडोज ११ वर जाता येत नाही. ती नव्याने बसवावी लागते.

२. प्रत. शाळेच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

३. बिटलॉकर. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घ्यावी व बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. फर्मवेअरमधील बदलानंतर संगणक ही किल्ली मागू शकतो.

४. डिस्कची मांडणी. ‘बायॉस मोड’ लेगसी असेल तरच ही पायरी लागते. जुनी पद्धत एम.बी.आर. मांडणीवर चालते, यू.ई.एफ.आय. पद्धतीला जी.पी.टी. मांडणी लागते. हा बदल करण्याचे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच दिलेले असून त्यात डेटा पुसला जात नाही. ते प्रथम केवळ तपासणी करते व मग रूपांतर करते. तपासणीत उणीव दिसल्यास रूपांतर करू नये. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असल्यास हे साधन काम करीत नाही. या पायरीसाठी जाणकाराचे साह्य घेणे इष्ट.

५. फर्मवेअर. ‘रीस्टार्ट’ निवडताना शिफ्ट कळ दाबून ठेवल्यास निळे पान येते. त्यात ‘ट्रबलशूट’, नंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ व तेथून फर्मवेअरच्या पानावर जाता येते. लेगसी पद्धतीने चालणाऱ्या संगणकात हा मार्ग दिसत नाही. तेथे संगणक सुरू होताच एफ २, एफ १० किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबावी. आत ‘लेगसी’ अथवा ‘सी.एस.एम.’ बंद करावे, यू.ई.एफ.आय. निवडावे, बदल जतन करून विंडोज नीट सुरू होते याची खात्री करावी. त्यानंतरच पुन्हा आत जाऊन सिक्युअर बूट चालू करावे. टी.पी.एम. बंद असल्यास तेही येथेच चालू होते. इंटेलच्या संगणकात ते ‘पी.टी.टी.’ व ए.एम.डी.च्या संगणकात ‘एफ-टी.पी.एम.’ या नावाने आढळते.

६. पडताळणी. पुन्हा पहिल्या पायरीतील पान उघडून ‘ऑन’ असे आल्याचे पाहावे. चालू करूनही ‘ऑफ’ दिसत असल्यास फर्मवेअरमध्ये मान्य सह्यांची मूळ यादी भरलेली नसण्याचा संभव असतो. तेथील ‘डिफॉल्ट की’ पुन्हा बसविण्याचा पर्याय वापरावा. यानंतर बिटलॉकर पूर्ववत करून विंडोज ११ चे काम सुरू करावे.

काही दक्षता

वीज जाण्याचा संभव असलेल्या वेळी हे काम करू नये. लॅपटॉप पूर्ण भारित करून व विजेला जोडून ठेवावा. माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी, किंवा निकालपत्रकांच्या आठवड्यात या कामास हात घालू नये.

चौथी पायरी गाळून पाचवी केल्यास विंडोज सुरू होत नाही. अशा वेळी गोंधळून डिस्क कोरी करू नये. फर्मवेअरमध्ये जाऊन जुनी निवड पूर्ववत केल्यास संगणक बहुधा पूर्वीप्रमाणे सुरू होतो. पाहणीत वहीत लिहून ठेवलेल्या दोन ओळी अशा वेळी उपयोगी पडतात.

काही संगणकांत फर्मवेअरला पर्यवेक्षकाचा पासवर्ड घातल्याखेरीज सिक्युअर बूटचा पर्याय फिकट दिसतो. तो पासवर्ड एकाच शिक्षकाच्या स्मरणात राहणे धोक्याचे आहे. शिक्षकाची बदली होते, संगणक मात्र शाळेतच राहतो. पुढील वर्षी कोणालाच आत जाता आले नाही, तर शाळेच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप शाळेलाच बाहेर ठेवील. म्हणून हा पासवर्ड व बिटलॉकरची किल्ली बंद पाकिटात, सही-शिक्क्यासह मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी आणि कार्यभार देता-घेताना यादीत त्याची नोंद करावी.

जो संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तो टाकाऊ ठरत नाही. उबुंटूसारखी मुक्त लिनक्स प्रणाली त्यावर बसविता येते. तिचा बूट लोडर मान्य सहीचा असल्याने जेथे सिक्युअर बूटची सोय आहे तेथे ती चालूच ठेवता येते. अटी चुकविण्याच्या युक्त्या मात्र शाळेच्या संगणकावर करू नयेत.

समारोप

सिक्युअर बूट हा पहिल्या दरवाजावरचा पहारा आहे, सर्व किल्ल्याचा नव्हे. अनोळखी पेनड्राइव्ह, फसवे संदेश, सर्वांना ठाऊक असलेला पासवर्ड यांपासून तो रक्षण करीत नाही. त्या बाबतीत शिक्षकाची सावधगिरी हाच उपाय. परंतु पहिलाच दरवाजा उघडा असेल तर आतील सर्व पहारे व्यर्थ जातात. देवगिरीची सहल काढताना शिक्षकांनी मुलांना दरवाजांची ती रांग दाखवावी, मिठाच्या पोत्यांची कथा सांगावी, आणि शाळेत परतल्यावर संगणकाची कळ दाबून पडदा उजळेपर्यंतच्या त्या काही क्षणांत आत कोणती विचारपूस चालते, हे समजावून द्यावे. मुलांना तो धडा सहसा विसरता येणार नाही.