छातीत दुखतंय, भाग ४ : बोअर पास, भिंतीचं काय?

चाकणच्या मशीन शॉपमध्ये चार दिवस काढलेल्याला गो–नो-गो गेज समजावून सांगावं लागत नाही. 'गो' टोक भोकात सरळ गेलं, 'नो-गो' अडलं, की बोअर पास. मात्र धातूला आत बारीक तडा आहे का, हीट ट्रीटमेंट नीट बसली का, हे त्या गेजला कळत नाही.

गेल्या आठवड्यात पाहिलेली अँजिओग्राफी ही अशीच बोअरची तपासणी. मनगटातून नळी सारतात, हृदयाच्या धमन्यांत औषध सोडतात आणि पडद्यावर दिसते ती आतल्या पोकळीची सावली. भिंत दिसत नाही. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्याही दिसत नाहीत. आणि हृदयाच्या स्नायूला रक्त किती मिळायचं, हे बरंचसं त्याच ठरवतात.

म्हणून 'ब्लॉकेज नाही, घरी जा' या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. बाई असेल तर त्याला 'टेन्शन घेऊ नका'ची पुरवणी जोडली जाते. आपणही कमी नाही. वायसीएम रुग्णालयाची ओपीडी असो की मोहननगरचं ईएसआय रुग्णालय, रुग्णाचं पहिलं वाक्य ठरलेलं : 'गॅस झाला असेल.'

मग भिंतीत काय बिघडतं? धमनीच्या आत पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि भिंतीतला स्नायू सैल ठेवतं. तंबाखूचा धूर, वाढलेली साखर, रक्तदाब यांनी अस्तर दुखावलं की त्यावर पांढऱ्या पेशी चिकटू लागतात. हाच दाह. घोटा सुजतो तसं इथे काही दिसत नाही. स्नायू मात्र चिडका होतो आणि मोकळी धमनी अचानक आवळते. अशा आवळण्यातून येणाऱ्या दुखण्याचं वर्णन हृदयरोगतज्ज्ञ प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्ये केलं. दुखणं विश्रांतीत येतं, बहुधा मध्यरात्र ते पहाट. दिवसा ट्रेडमिलवर पळवलं तर ईसीजीची पट्टी साफ.

दाह आणि आवळणं यांची गाठ जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठाने २०१८ मध्ये दाखवली. दाहातल्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून किरणोत्सारी साखर टोचून पेट स्कॅन केला. ज्यांच्या धमन्या आवळत होत्या, त्यांच्या धमनीभोवतीची चरबी जास्त उजळली. उपचारानंतर तो उजळपणा कमी झाला. अभ्यास लहान होता. आधी दाह की आधी आवळणं, हा वाद त्याने मिटत नाही. पण 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.

मग दाहावरच औषध का देऊ नये? गाउटचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन २०२० च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी करताना दिसलं. पण ते रुग्ण धमनीविकार आधीच सिद्ध झालेले होते. मेडिकलमधून आणून स्वतःच सुरू करण्याची ही गोळी नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर ती घातकही ठरते. आवळणाऱ्या धमनीसाठी डिल्टियाझेम, अॅम्लोडिपिनसारखी औषधं चालतात. उलट हृदयरोगात सर्रास दिले जाणारे काही बीटा-ब्लॉकर इथे दुखणं वाढवू शकतात. त्यामुळे दुखण्याची जात ओळखणं महत्त्वाचं.

ती ओळखायला दुखण्याच्या नोंदींची वही उपयोगी पडते. कामाची पाळी आठवड्याला बदलणाऱ्याने नुसतं 'पहाटे दुखलं' लिहून भागत नाही. तेव्हा तो झोपलेला होता की लाइनवर उभा? किती मिनिटं दुखलं? जिभेखालची गोळी घेतली असेल तर थांबलं का? आधी बिडी ओढली होती का? हे कागदावर घेऊन जा आणि 'धमनी आवळत असेल का?' असं डॉक्टरांना थेट विचारा. मात्र दुखणं थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर वही राहू द्या, १०८ फिरवा.

पुढच्या आठवड्यात ताकायासु : तरुण मुलींच्या महाधमनीचा दाह, ज्यात मनगटाची नाडीच हाताला लागत नाही.