सहकारी संस्थेचा सभासद : हक्काइतकीच जबाबदारी

गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या काठी वसलेल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत सहकारी संस्थेशी मुळीच संबंध नाही, असे घर विरळाच आढळेल. गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, साखर कारखाना, दूध उत्पादकांची संस्था, शिक्षकांची किंवा महिलांची पतसंस्था, नागरी सहकारी बँक यांपैकी एखाद्या तरी संस्थेचे भागपत्र घरच्या कपाटात जपून ठेवलेले असते. ‘विना सहकार नाही उद्धार’ हे बोधवाक्यही सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हे भागपत्र जपणारा सभासद संस्थेच्या वार्षिक सभेला जातो काय, तिचा ताळेबंद वाचतो काय, असे विचारले तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. सहकारी संस्थांच्या यशापयशाचे मर्म पुष्कळदा याच प्रश्नात दडलेले असते.

ग्राहक नव्हे, मालक

१८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी एकत्र येऊन किराणा मालाचे एक छोटे सहकारी दुकान काढले. त्या दुकानाने घालून दिलेले ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व आजही सहकाराचा पाया मानले जाते. भांडवली कंपनीत ज्याचे भाग अधिक, त्याची मते अधिक. सहकारी संस्थेत मात्र एक भाग घेणारा अल्पभूधारक आणि अनेक भाग घेणारा बागायतदार यांच्या मताचे मोल सारखेच.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना तेथे १९१४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता. १९४८ च्या मुक्तीनंतर आणि पुढे महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर हा प्रदेश राज्याच्या समान सहकार कायद्याखाली आला. ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ हा तो कायदा होय. २६ जानेवारी १९६२ पासून तो अंमलात आला. संस्थेचा अंतिम अधिकार संचालक मंडळाकडे नसून सभासदांच्या सर्वसाधारण सभेकडे आहे, असे या कायद्याच्या ७२ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. याचा अर्थ असा की, अध्यक्ष आणि संचालक हे सभासदांनी नेमलेले विश्वस्त आहेत. विश्वस्तावर लक्ष ठेवणे हे धन्याचे काम. धनीच निर्धास्त झाला, तर दोष एकट्या विश्वस्ताला देता येत नाही.

पहिले कर्तव्य : संस्थेशी व्यवहार

सभासदाचे पहिले कर्तव्य म्हणजे आपला व्यवहार आपल्या संस्थेशी करणे. साखर कारखान्याच्या उदाहरणावरून हे चांगले समजते. सहकारी साखर कारखानदारीची वाट प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये मोकळी झाली. पुढील काळात ती मराठवाड्यातही रुजली. लातूरजवळचा मांजरा सहकारी साखर कारखाना, नांदेड जिल्ह्यात अर्धापूर परिसरातील भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना अशा संस्था या भागात उभ्या राहिल्या.

समजा, एखाद्या कारखान्याची गाळप क्षमता दररोज २,५०० टन आहे आणि प्रत्यक्षात १,५०० टनच ऊस येतो. कामगारांचे वेतन, कर्जावरील व्याज आणि यंत्रसामग्रीची देखभाल यांचा खर्च त्यामुळे फारसा कमी होत नाही. तोच खर्च कमी टनांवर विभागला जातो आणि प्रत्येक टनामागील बोजा वाढतो. नोंद आपल्या कारखान्याकडे करायची आणि चार पैसे अधिक दिसताच ऊस दुसरीकडे घालायचा, असा व्यवहार करणारा सभासद स्वतःच्याच भावाला कात्री लावीत असतो. पूर्वी कारखान्यांची कार्यक्षेत्रे कायद्याने बांधलेली होती. ती झोनबंदी उठल्यानंतर सभासदाला कारखान्याशी बांधून ठेवणारा मुख्य धागा त्याच्या निष्ठेचाच उरला आहे. अर्थात, निष्ठा एकतर्फी असून चालत नाही. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १४ दिवसांच्या आत देणे, विलंब झाल्यास १५ टक्के दराने व्याज देणे हे ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यावरही बंधन आहे.

ऊस कसा द्यावा, हाही जबाबदारीचाच भाग आहे. तोडणीची पाळी पाळणे, पाचट व माती नसलेला ताजा ऊस पाठविणे यावर साखरेचा उतारा अवलंबून असतो आणि दर उताऱ्याशी निगडित असतो. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्यानंतरच्या हंगामात उसाअभावी मराठवाड्यातील अनेक कारखान्यांचे गाळप होऊ शकले नाही. पाणी जपून वापरणे, शक्य तेथे ठिबक सिंचन करणे हा म्हणूनच केवळ घरच्या शेतीचा विचार नव्हे. कारखान्याचे आयुष्य त्यावर अवलंबून आहे.

कर्ज, परतफेड आणि जामीन

गावच्या सोसायटीकडे येणारा पैसा बहुतांशी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून येतो आणि जिल्हा बँकेच्या पाठीशी राज्य सहकारी बँक असते. या साखळीतील सर्वात खालचा दुवा म्हणजे कर्जदार सभासद. त्याने कर्ज थकविले की सोसायटी बँकेकडे थकबाकीदार होते आणि ज्याने वेळेवर परतफेड केली, त्या शेजाऱ्यालाही नव्या हंगामात पीक कर्जासाठी हेलपाटे घालावे लागतात. वेळेवर फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेसारख्या योजनांचा लाभ मिळतो. थकबाकीदाराला संचालक मंडळावर राहता येत नाही, अशीही कायद्यात तरतूद आहे.

नोकरदारांच्या पतसंस्थांत जबाबदारीचे स्वरूप थोडे वेगळे असते. येथे हप्ता वेतनातून परस्पर कापला जातो. त्यामुळे सभासदाला संस्थेची पायरी चढण्याचे कारणच उरत नाही. शिक्षक आणि कर्मचारी बंधूंनी विशेष लक्षात ठेवावयाची बाब म्हणजे जामीनकी. सहकाऱ्याच्या भिडेखातर अर्जावर केलेली सही ही शिष्टाचाराची बाब नसते. कर्जदाराने पैसे न भरल्यास जामीनदार तितकाच देणेकरी ठरतो आणि वसुलीचा दाखला त्याच्याविरुद्धही निघू शकतो. मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम दुसऱ्याच्या कर्जापायी गेल्यावर होणारा पश्चात्ताप निरुपयोगी असतो.

रिकाम्या खुर्च्यांची सभा

आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे संस्थेला बंधनकारक आहे. सभेची सूचना आणि विषयपत्रिका सभासदांना आगाऊ मिळावी लागते. परंतु अनेक ठिकाणी या सभेचे चित्र ठरलेले असते. गणसंख्या पूर्ण होत नाही, सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. उपस्थित असलेले मोजके लोक अहवाल, ताळेबंद, नफावाटणी, अंदाजपत्रक आणि कर्जमर्यादा असे सर्व विषय मंजूर करतात. यात बेकायदा काहीच घडत नाही. तरीही हजारो सभासदांचे निर्णय पंचवीस-तीस जणांनी घेतलेले असतात, आणि ते गैरहजर सभासदांवरही तितकेच बंधनकारक असतात.

हे टाळावे या हेतूने २०१३ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून ‘क्रियाशील सभासद’ ही संकल्पना आणण्यात आली. पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेस उपस्थिती आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर अशी अपेक्षा तीत होती. या तरतुदीत पुढे बदल होत गेले. मात्र पाच वर्षांतून एकदा सभेला या, असे कायद्याने सांगावे लागले, यातच बरेच काही आले.

ताळेबंदाचे वाचन

आपल्याला हिशेबातले काय कळते, असे म्हणून अनेक सभासद मागे राहतात. वास्तविक चार प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ झाले. थकबाकी गेल्या वर्षापेक्षा वाढली की घटली? बाहेरून घेतलेले कर्ज कशासाठी वापरले? निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत गेला काय? लेखापरीक्षकाने दाखविलेल्या दोषांची दुरुस्ती झाली काय? लाभांश अधिक मिळाला म्हणून संस्था सुदृढ आहे, असे समजणे चुकीचे ठरते. लाभांशावर कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती संस्थेचे बळ टिकावे म्हणूनच.

हे प्रश्न विचारण्याची साधनेही कायद्याने दिली आहेत. ३२ व्या कलमान्वये सभासदाला पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. गैरव्यवहारामुळे संस्थेचे नुकसान झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर ते संबंधितांकडून वसूल करण्याची तरतूद ८८ व्या कलमात आहे. परंतु चौकशीपर्यंत गोष्ट गेली, तर बराच उशीर झालेला असतो. सहकारी बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते लागू नाही. तेथे जागरूक सभासद हाच मोठा विमा.

गावपातळीवरील कार्य

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काला मूलभूत हक्कांत स्थान मिळाले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ प्रमाणेच २०२५ हे वर्षही आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून पाळले. हा गौरव सार्थ ठरावयाचा असेल, तर त्याची सुरुवात गावातूनच व्हावयास हवी. सभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, निरक्षर सभासदांना अहवाल वाचून दाखविणे, स्त्री सभासदांनी केवळ सहीपुरते न राहता सभेत बोलावे यासाठी त्यांना प्रोत्साहन देणे, ही कामे पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी सहज करू शकतात. यासाठी नव्या योजनेची वा अनुदानाची आवश्यकता नाही.

भाग घेताना सभासद रक्कम भरतो ती एकदाच. जबाबदारीचा हप्ता मात्र दरवर्षी भरावा लागतो. येत्या वार्षिक सभेची सूचना हाती पडेल, तेव्हा ती घडी घालून कपाटात ठेवण्यापूर्वी तिच्यावरील तारीख आणि वेळ पाहून ठेवावी आणि त्या दिवशी सभेला जावे.